जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणातून संख्याशास्त्र शिकायचं असेल तर

दहा रुग्ण. प्रत्येकाला झोपेची दोन औषधं देऊन पाहिली आणि दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा किती तास जास्त झोप लागली ते लिहून ठेवलं : १.२, २.४, १.३, १.३, ०.०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. कुश्नी आणि पीबल्स यांनी ही आकडेवारी १९०५ साली छापली. १९०८ साली डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेटने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात ती वापरली. १९२५ साली ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने ती आपल्या पुस्तकात घेतली. आज ‘आर’ हे सॉफ्टवेअर उघडलंत तर ‘स्लीप’ या नावाने ती आधीच भरलेली सापडते.

जुनी पुस्तकं मला आवडतात ती अशा आकडेवारीसाठी. त्या काळी हिशेब हाताने किंवा दांडा फिरवायच्या यंत्रावर व्हायचा, म्हणून लेखक उदाहरणं छोटी निवडायचे. आकडे दहा-वीस असले की ते डोळ्यांना दिसतात. त्यातला ४.६ खटकतो, ०.० लक्षात राहतो. पाच हजार ओळींच्या फाइलवर बटण दाबून आलेलं उत्तर बरोबर असतं, पण ते कशातून आलं हे नवशिक्याला कळत नाही.

पुढच्या महिन्यात परीक्षा असेल, तर मात्र हा लेख बाजूला ठेवा. बी.एस्सी.च्या मुलांकडे गुप्ता-कपूरचं पाठ्यपुस्तक असतंच, तेच उघडा. ज्यांच्याकडे तीन-चार महिने आणि रोज एखादा तास आहे, त्यांच्यासाठी पुढचं.

पुस्तक कोणतं घ्यायचं

सूत्रं पाहून पोटात गोळा येत असेल तर एम. जे. मोरोनी यांचं ‘फॅक्ट्स फ्रॉम फिगर्स’ घ्या. पेलिकनने १९५१ साली काढलेलं हे पुस्तक नंतर कित्येकदा छापलं गेलं, त्यामुळे जुन्या बाजारात अजून सापडतं. माणूस मिश्कील आहे, आणि थट्टा करता करता सरासरीपासून प्रचरण-विश्लेषणापर्यंत (अॅनालिसिस ऑफ व्हेरिअन्स) घेऊन जातो.

बारावीपर्यंतचं कलन येत असेल तर एम. जी. बुल्मर यांचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ स्टॅटिस्टिक्स’. मूळ पुस्तक १९६५चं, दुसरी आवृत्ती १९६७ची, आणि न्यूयॉर्कच्या डोव्हरने तिचंच पुनर्मुद्रण १९७९ साली केलं. पातळ आहे, पण एक पान वाचायला अर्धा तास लागतो. उदाहरणांची उत्तरं मागे दिली आहेत, आणि एकट्याने शिकणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. माझं मत विचाराल तर एकच घ्यायचं असेल तर हे घ्या.

फिशरचं १९२५चं ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर रिसर्च वर्कर्स’ पहिलं पुस्तक म्हणून नको. त्यात सिद्धता नाहीत, वाक्यं आखडती, आणि ‘हे उघडच आहे’ असा सूर. ते चौथ्या महिन्यात, निवडक भाग वाचण्यासाठी. ऑक्सफर्डने १९९० साली फिशरची तीन पुस्तकं एका जाडजूड खंडात पुन्हा छापली, तो खंड ग्रंथालयात मिळाला तर उत्तम.

शेतीकडून येणाऱ्यांसाठी आपल्या घरचं एक पुस्तक आहे : पानसे आणि सुखात्मे यांचं ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अॅग्रिकल्चरल वर्कर्स’, भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली काढलेलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. फर्ग्युसनमध्ये शिकले आणि पुढे लंडनला नेमन व इगॉन पिअर्सन यांच्या हाताखाली तयार झाले. या पुस्तकातला प्लॉट म्हणजे खरोखरचं वावर आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी एखाद्या कृषी विद्यापीठात कुणी ओळखीचं असेल, तर आधी तिथल्या ग्रंथालयात चौकशी करा.

एक काळमर्यादा लक्षात ठेवा. १९२५च्या आधीचं पुस्तक शिकण्यासाठी घेऊ नका, इतिहास म्हणून वाचायचं असेल तर वेगळी गोष्ट. कारण नुसतं भाषेचं नाही. काय-स्क्वेअर चाचणी (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतला फरक तपासणारी) कार्ल पिअर्सनने १९०० साली दिली, पण दोन ओळी-दोन स्तंभांच्या तक्त्यासाठी तो डिग्रीज ऑफ फ्रीडम (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) तीन धरायचा. त्या एकच धरायच्या असतात हे फिशरने १९२२ साली दाखवलं. समजा तुमचं काय-स्क्वेअर ५ आलं. पाच टक्क्यांची सीमा (निव्वळ योगायोगाने हिच्या पलीकडे शंभरात पाचच वेळा जातं) एका डिग्रीला ३.८४ आणि तीन डिग्रींना ७.८१ आहे. म्हणजे जुनं पुस्तक म्हणेल ‘काही फरक नाही’ आणि नवं म्हणेल ‘आहे’. छपाई कितीही देखणी असो, ही चूक पुनर्मुद्रणात जशीच्या तशी येते.

पुनर्मुद्रण तपासायचं कसं

पुनर्मुद्रण दोन जातीचं असतं. पहिल्यात प्रकाशक मूळ पानांचे नीट फोटो घेतो, चुका दुरुस्त करतो, आणि ‘अमुक आवृत्तीचं संपूर्ण, काटछाट न केलेलं पुनर्मुद्रण’ असं हक्कांच्या पानावर छापतो. जुन्या डोव्हर पुस्तकांत हे वाक्य हमखास असतं. दुसऱ्यात कुणीतरी इंटरनेटवरची स्कॅन उचलतो, वर सूर्यास्ताचं चित्र लावतो, आणि मागणी आली की एक प्रत छापतो. मी एकदा असंच एक पुस्तक ऑनलाइन मागवलं. टी-तक्त्याच्या (छोट्या नमुन्यांच्या चाचणीच्या तक्त्याच्या) पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा होता, बरोबर सात ते बारा या ओळींवर. घडीचा मोठा आलेख घडी न उघडताच छापला होता.

म्हणून दुकानात जाताना तीन आकडे पाठ करून जा : १.९६, २.२६२ आणि ३.८४१. पुस्तकाच्या शेवटचे तक्ते उघडा. प्रसामान्य वितरणाच्या (घंटेच्या आकाराच्या वक्राच्या) तक्त्यात १.९६ समोर ०.४७५० किंवा ०.९७५० असायला हवं. टी-तक्त्यात नऊच्या ओळीत पाच टक्क्यांखाली २.२६२. काय-स्क्वेअरच्या तक्त्यात पहिल्या ओळीत पाच टक्क्यांखाली ३.८४१. तिन्ही स्वच्छ वाचता आले तर बाकीचं पुस्तकही बहुधा ठीक असतं, कारण खराब स्कॅनमध्ये सर्वांत आधी बारीक आकडेच जातात. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे या पानांचे फोटो मागा. देत नसेल तर दुसरा विक्रेता पाहा.

सर्वांत धोकादायक प्रकार म्हणजे स्कॅनवरून संगणकाने अक्षरं ओळखून नव्याने जुळवलेलं पुस्तक. अक्षर सुबक दिसतं म्हणून आपण भुलतो. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत दशांशचिन्ह ओळीच्या तळाला नसून मध्यावर असतं, ०·०५ असं. बऱ्याचदा पुढचं शून्यही नसतं. संगणक हा ठिपका गिळतो आणि ‘·०५’ चं ‘०५’ होतं. वर्गाचे घातांक खाली उतरतात. मजकूर वाचता येतो, पण हिशेब एकही जुळत नाही. असं पुस्तक फुकट मिळालं तरी घेऊ नका.

विकत घेण्याआधी आणखी एक करा. जुन्या पुस्तकांच्या पुष्कळ स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने आपल्याकडच्या ग्रंथालयांतून केलेल्यासुद्धा. नावांची स्पेलिंगं तिथे चुकलेली असतात, म्हणून लेखकाचं आडनाव दोन-तीन तऱ्हांनी टाकून शोधा. दोन प्रकरणं पडद्यावर वाचा, पटलं तर कागदावर घ्या.

हक्कांचं थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि मोजणी मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून होते. फिशर १९६२ साली गेला, म्हणजे २०२३ पासून त्याची पुस्तकं आपल्याकडे खुली आहेत. ब्रिटनमध्ये ही मुदत सत्तर वर्षांची आहे, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांना अजून थांबावं लागेल. दोन लेखक असतील तर जो नंतर गेला त्याच्यापासून मोजायचं. उदाहरणार्थ, यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाचं ‘अॅन इंट्रोडक्शन टू द थिअरी ऑफ स्टॅटिस्टिक्स’ हे एकट्याचं पुस्तक खुलं आहे, पण १९३७ पासून केंडॉल सहलेखक झाल्यानंतरच्या आवृत्त्या नाहीत.

शोधाशोध कुठे करायची, तर पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत फ्लोरा फाउंटनचा फूटपाथ. आतल्या पानावर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असं छापलेल्या जुन्या स्वस्त आवृत्त्या हाती लागल्या तर सोडू नका, मात्र शिलाई पाहा. नुसती डिंकावर चिकटवलेली असतील तर तिसऱ्या आठवड्यात पानं हातात येतात.

वहीचं पहिलं पान

एक फुलस्केप वही, आलेख कागद आणि साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर. वहीच्या पहिल्या दोन पानांवर ‘पुस्तक काय म्हणतं – आज काय म्हणतात’ अशी यादी ठेवा आणि अडाल तिथे भर घाला. सुरुवात मी करून देतो.

भागाकार एनने की एन वजा एकने? काही जुने लेखक प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढताना एनने, म्हणजे आकड्यांच्या संख्येने, भागतात, काही एन वजा एकने. आधी हे शोधा, मगच पुढचं पान उलटा. कॅल्क्युलेटरवर दोन वेगळी बटणं असतात ती याचसाठी.

एन म्हणजे काय? फिशरच्या टी-तक्त्यात एन म्हणजे निरीक्षणांची संख्या नाही, डिग्रीज ऑफ फ्रीडम. दहा रुग्णांसाठी नऊची ओळ पाहायची. माझा पहिला आठवडा यात गेला.

झेडचे तर चार अवतार आहेत. आज झेड म्हणजे सरासरीपासूनचं अंतर भागिले प्रमाण विचलन. १९०८च्या ‘स्टुडंट’चा झेड म्हणजे नमुन्याची सरासरी भागिले नमुन्याचं विचलन, त्यात वर्गमूळ एन कुठेच नाही. फिशरचा एक झेड म्हणजे दोन प्रचरणांच्या (प्रमाण विचलनाच्या वर्गांच्या) गुणोत्तराच्या लॉगचा निम्मा (यातूनच पुढे स्नेडेकरने एफ काढला आणि अक्षर फिशरच्या मानाखातर ठेवलं). दुसरा झेड सहसंबंध गुणकाचं (दोन गोष्टी किती एकत्र बदलतात त्याच्या मापाचं) रूपांतर करण्यासाठी. एकाच पुस्तकात यातले दोन भेटू शकतात.

‘प्रॉबेबल एरर’ दिसला तर ०.६७४५ने भागा, आजचा स्टँडर्ड एरर (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) मिळेल. जुने लोक ‘प्रॉबेबल एररच्या तिप्पट फरक असेल तर खरा माना’ म्हणायचे. ३ गुणिले ०.६७४५ म्हणजे २.०२, म्हणजे आजचीच दोन स्टँडर्ड एररची पट्टी.

गृहीतमध्याचे लांबलचक तक्ते येतील. घाबरू नका, दहावीला आपण हेच केलंय. दोन-तीन करा आणि बाकीचे कॅल्क्युलेटरवर सोडा. इंच, पौंड, बुशेल यांचं रूपांतर करत बसू नका, टीची किंमत एककावर अवलंबून नसते.

पहिली बैठक : वरचे दहा आकडे

पुस्तक उघडायच्या आधी हे एकदा पूर्ण करा. आलेख कागदावर आडवी रेघ मारून दहा ठिपके द्या. नऊ ठिपके शून्य ते अडीचच्या मध्ये, एक लांब ४.६वर. हे चित्र डोळ्यांसमोर राहू द्या.

बेरीज १५.८, म्हणून सरासरी १.५८. वर्गांची बेरीज ३८.५८. त्यातून बेरजेचा वर्ग भागिले दहा, म्हणजे २४.९६४ वजा करा, उरले १३.६१६. इथे फाटा फुटतो. दहाने भागून वर्गमूळ घेतलंत तर १.१७ येतं, आणि ‘स्टुडंट’च्या १९०८च्या निबंधात हाच आकडा आहे. नऊने भागलंत तर १.२३, जो फिशरच्या रीतीने येतो. दोघंही चुकलेले नाहीत. ‘स्टुडंट’ १.५८ला १.१७ने भागून १.३५ काढतो आणि आपल्या वेगळ्या तक्त्यात पाहतो. फिशरच्या रीतीने १.२३ला वर्गमूळ दहाने भागा, ०.३८९ येईल, १.५८ भागिले ०.३८९ म्हणजे टी ४.०६. नऊच्या ओळीत एक टक्क्याची सीमा ३.२५० आहे, आपण तिच्या पलीकडे आहोत. १.३५ला तीनने, म्हणजे नऊच्या वर्गमुळाने, गुणून पाहा. ४.०५ मिळेल, आणि तो किंचित फरकही फक्त अंक तोडल्यामुळे. वहीतल्या यादीचा अर्थ इथे कळतो.

आता पुस्तक सहसा सांगत नाही ते करा. ४.६ खोडा आणि उरलेल्या नऊ आकड्यांवर सगळं पुन्हा. सरासरी १.२४ला उतरते. टीही उतरेल असं वाटतं ना? करून पाहा : विचलन १.२३ वरून ०.६६ वर येतं आणि टी चढून ५.६६ होतो. औषधाच्या बाजूने बोलणारा सर्वांत मोठा आकडा काढला आणि पुरावा आणखी घट्ट झाला. टी हे फरकाचं माप नसून फरक आणि गोंधळ यांचं गुणोत्तर आहे, हे मला दहा व्याख्यानांत कळलं नव्हतं, या खोडाखोडीत कळलं.

शेवटी ‘आर’ किंवा स्प्रेडशीटवर पडताळा घ्या. क्रम महत्त्वाचा : आधी हात, मग यंत्र.

घोड्यांच्या लाथा

पॉइसाँ वितरणासाठी (विरळ घटना किती वेळा घडतील ते सांगणाऱ्या) जुन्या पुस्तकांचं लाडकं उदाहरण प्रशियाच्या सैन्याचं आहे. घोड्याच्या लाथेने किती सैनिक मेले, याची नोंद लाडिस्लाउस बोर्टकिएविचने १८९८च्या पुस्तकात दिली. दहा तुकड्या, वीस वर्षं, म्हणजे २०० नोंदी : १०९ वेळा एकही मृत्यू नाही, ६५ वेळा एक, २२ वेळा दोन, ३ वेळा तीन आणि एकदा चार. मूळ तक्त्यात तुकड्या चौदा आहेत. चार वगळून दहाच घ्यायची प्रथा पडली. तुमच्या पुस्तकात २८० नोंदी दिसल्या तर गोंधळू नका.

एकूण मृत्यू १२२, सरासरी ०.६१. ‘ई’चा उणे ०.६१ घात ०.५४३४, गुणिले २०० म्हणजे १०८.७. पुढचा आकडा काढायला याला ०.६१ने गुणा : ६६.३. मग ०.६१ने गुणून दोनने भागा : २०.२. मग तीनने, मग चारने : ४.१ आणि ०.६. प्रत्यक्ष आकड्यांशेजारी मांडा. मग प्रचरणही काढा, ०.६०८ येतं, सरासरीला जवळजवळ चिकटून. पॉइसाँची ही ओळखीची खूण सूत्रात वाचण्यापेक्षा वहीत उतरलेली बरी.

दुधाच्या आठ वाट्या

फिशरने १९३५च्या ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’मध्ये एका बाईंची गोष्ट घेतली आहे. कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं असा त्यांचा दावा. आठ कप, चार असे, चार तसे. आपल्याकडे चहा-दूध एकत्र उकळतात, त्यामुळे हा वाद होणारच नाही. तेव्हा दोन डेअऱ्यांचं दूध घ्या. आठ वाट्या, चार-चार, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि ‘आमच्याच डेअरीचं दूध चांगलं’ म्हणणाऱ्या घरातल्या माणसाला चार वाट्या निवडायला सांगा.

आठातून चार निवडायच्या रीती ७०. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची संभाव्यता सत्तरात एक, म्हणजे दीड टक्क्याच्याही आत. पण चारपैकी तीनच बरोबर आल्या तर? अशा रीती १६ आहेत. तीन किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची संभाव्यता १७ भागिले ७०, म्हणजे सुमारे २४ टक्के. एक चूक झाली की दावा कोसळतो. आठ वाट्या किती कमी आहेत हे कळलं की प्रयोग आखण्याचं प्रकरण आपोआप गोडीने वाचलं जातं.

जे या पुस्तकांत नाही

बॉक्स-प्लॉट (आकड्यांचा पसारा चौकटीत दाखवणारा आलेख) नाही, तो जॉन टुकीमुळे १९७०च्या दशकात रुळला. बूटस्ट्रॅप (हाती असलेल्या आकड्यांतूनच पुन्हा पुन्हा नमुने काढायची रीत) नाही, तो ब्रॅडली एफ्रनने १९७९ साली आणला. मोठ्या आकडेवारीचे आलेख नाहीत. यासाठी एक नवं पुस्तक शेजारी ठेवाच. आणखी एक : विसाव्या शतकाच्या आरंभीच्या या शास्त्राचा सुप्रजननवादाशी (‘चांगल्या’ वंशाचीच माणसं वाढावीत या मताशी) घट्ट संबंध होता, आणि गॉल्टन, कार्ल पिअर्सन, फिशर तिघंही त्यात होते. वंश, कवट्या, ‘बुद्धिमत्तेचा वारसा’ असली उदाहरणं येतील. हिशेबाची रीत घ्या, निष्कर्ष तिथेच सोडा.

वेळापत्रक म्हणाल तर पहिला महिना मोरोनी किंवा बुल्मरची संभाव्यतेची प्रकरणं, दुसरा प्रसामान्य वितरण, टी आणि काय-स्क्वेअर, तिसरा सहसंबंध आणि समाश्रयण (रिग्रेशन). चौथ्यात फिशर किंवा पानसे-सुखात्मे यांतून प्रचरण-विश्लेषण. रोज एक उदाहरण, पण शेवटच्या दशांशापर्यंत. पुस्तकाशी उत्तर जुळलं नाही तर आधी एन वजा एक तपासा, मग तक्ता कोणत्या पद्धतीचा आहे ते, मग छपाईची चूक.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी स्वतःच्या दहा जोड्या जमवा. ऑफिसला जायचे दोन रस्ते चालतील : सकाळी एकाने, संध्याकाळी दुसऱ्याने असं मात्र नको, नाहीतर रस्त्याऐवजी गर्दीचा फरक मोजाल. सकाळचाच प्रवास घ्या, दोन-दोन दिवसांची एक जोडी करा, आणि कोणत्या दिवशी कुठला रस्ता हे नाणं उडवून ठरवा. किती जोड्या घ्यायच्या ते आधीच वहीत लिहून ठेवा. दहाव्या जोडीनंतर टी २.१ आला आणि २.२६२ला थोडक्यात चुकला, तर अकरावी जोडी घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. २.१ लिहा, खाली तारीख टाका आणि वही मिटा.